पुतण्या खटला जिंकला, किताब काकाकडेच राहिला : आयर्लंडच्या ॲनस्ली घराण्याचं वारसा-प्रकरण

आयर्लंडच्या वेक्सफर्ड काउंटीत डनमेन नावाचा एक वाडा होता. तिथून जोन लँडी नावाच्या गरीब बाईच्या झोपडीपर्यंत बग्गी जाईल एवढा रस्ता केला होता, असं काही साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं. जोन ही दूधआई, वाड्यावरचं मूल तिच्याकडे वाढत होतं आणि मुलाला बघायला बाईसाहेबांना बग्गीतून जाता यावं म्हणून रस्ता केला, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे साक्षीदारही तितक्याच ठामपणे सांगत होते की मूल जोनचंच आहे. बाईसाहेबांना मूल झालंच नाही. १७४३ साली डब्लिनच्या न्यायालयात हा वाद चालला तेव्हा त्या मुलाचा जन्म होऊन अठ्ठावीस वर्षं उलटली होती आणि एका सरदार घराण्याचं उमरावपद या एका प्रश्नावर येऊन अडकलं होतं.

हे प्रकरण जेम्स ॲनस्लीचं. पळवून नेलेला मुलगा, समुद्रापार गुलामासारखी नोकरी, मग परत येऊन हक्क मागणं, अशी त्याची साहसकथा बहुतेक ठिकाणी सांगितली जाते. ती खरीच आहे. मला मात्र ते वारसाहक्काचं प्रकरण म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण इतका मोठा खटला जिंकूनही या माणसाला किताब मिळाला नाही. असं का झालं, हेच इथे नीट मांडायचं आहे.

घराणं आणि त्याच्या सनदा

ॲनस्ली मूळचे इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायरचे. फ्रान्सिस ॲनस्ली सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये सरकारी कामावर गेला, तिथे जमिनी मिळवल्या आणि व्हायकाउंट व्हॅलेन्शिया झाला (उमरावांच्या उतरंडीत अर्लच्या खाली व्हायकाउंट, त्याच्या खाली बॅरन). त्याचा मुलगा आर्थर १६६१ मध्ये अर्ल ऑफ अँगलसी झाला. हा किताब इंग्लंडचा. पुढे या अर्लच्या एका धाकट्या मुलासाठी १६८१ मध्ये बॅरन अल्थम हे आयरिश पद निघालं. एकाच घराण्यात दोन राज्यांचे किताब आले ते असे. इंग्लंडची आणि आयर्लंडची संसद तेव्हा वेगळी होती, उमरावसभाही वेगळ्या. हा तपशील शेवटाकडे पुन्हा लागणार आहे.

असा किताब कोणाकडे जायचा हे राजाच्या सनदेत लिहिलेलं असे : मूळ पुरुषाच्या अंगापासून झालेल्या औरस पुरुष वारसांकडे. यातला ‘औरस’ हा शब्द कळीचा. आपल्याकडे मूल नसलं की दत्तक घेऊन गादी चालवायची, हे अंगवळणी पडलेलं आहे. तिथे दत्तक चालत नाही, मृत्युपत्राने किताब दुसऱ्याला देता येत नाही आणि वडिलांची कितीही इच्छा असली तरी लग्नाबाहेरच्या मुलाला तो मिळत नाही. जमिनीचं तसं नव्हतं. ती गहाण पडे, विकली जाई, पट्ट्याने दिली जाई. किताब आणि जमीन एकाच माणसाकडे असली, तरी दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी त्याच्याकडे येत.

आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ मध्ये. जेम्सचा जन्म सांगतात तो १७१५ चा. तेव्हा त्याच्या बाबतीत सगळा भार माणसांच्या आठवणींवर होता, आणि ती माणसं बहुतेक नोकरचाकर होती.

मुलाचं काय झालं

चौथा बॅरन अल्थम आर्थर ॲनस्ली हा कर्जात बुडालेला, तापट, व्यसनी माणूस. त्याची बायको मेरी शेफील्ड ही ड्यूक ऑफ बकिंगहॅमची अनौरस मुलगी. संसार कधीच धड नव्हता. १७१७ च्या फेब्रुवारीत आर्थरने बायकोवर टॉम पॅलिझर नावाच्या शेजारच्या तरुणाशी संबंध असल्याचा आरोप केला, नोकरांकरवी त्याच्या कानाचा तुकडा कापवला आणि बायकोला घराबाहेर काढलं. ती पुढे इंग्लंडला गेली, आजारी पडली आणि १७२९ मध्ये वारली. तिच्या हयातीत मुलाच्या हक्काचा प्रश्न न्यायालयात आलाच नाही. जी एकमेव व्यक्ती ठामपणे ‘हा माझा’ किंवा ‘हा माझा नाही’ म्हणू शकली असती, ती खटल्याआधी चौदा वर्षं गेलेली होती.

मुलगा बापाकडे राहिला. सुरुवातीला त्याला चांगले कपडे होते, शाळा होती, आणि बाप त्याला चारचौघांत मुलगा म्हणे, असं अनेकांनी सांगितलं. नंतर मिस ग्रेगरी नावाची बाई आर्थरबरोबर राहू लागली आणि मुलगा नकोसा झाला. आठ-दहा वर्षांचं ते पोर डब्लिनच्या रस्त्यांवर आलं. ट्रिनिटी कॉलेजच्या आसपास विद्यार्थ्यांची बारीकसारीक कामं करून ते पोट भरायचं. शेवटी जॉन पर्सेल नावाच्या खाटकाने त्याला घरी नेलं. पर्सेलच्या बायकोने त्याला न्हाऊमाखू घातलं. या सगळ्या प्रकरणात निर्मळ मनाने वागलेली माणसं शोधायला गेलं तर मला हे नवरा-बायको पहिल्यांदा आठवतात. त्यांना यातून मिळण्यासारखं काहीच नव्हतं.

औरस मुलाला बाप असा वाऱ्यावर सोडेल का, असं काकाच्या वकिलांनी विचारलं. प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्याला एक व्यवहारी उत्तर होतं. आर्थर आणि त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड पुढे कधीतरी हाती येणाऱ्या इस्टेटीच्या भरवशावर पैसे उभे करत होते. मध्ये औरस वारस उभा असला की अशा व्यवहाराची किंमत घसरते, कारण घेणाऱ्याला उद्या तो मुलगा दारात येईल ही भीती. मूल नसल्याचं दाखवण्यात बापाचा रोखीचा फायदा होता आणि काकाचा त्याहून मोठा.

नोव्हेंबर १७२७ मध्ये आर्थर वारला. क्राइस्टचर्च कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं तेव्हा फाटक्या कपड्यांतलं एक पोर तिथे रडत होतं, असं साक्षीत आलं. रिचर्डने लगेच स्वतःला बॅरन अल्थम म्हणवून घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर त्याची माणसं मुलाच्या मागे लागली. एकदा पर्सेलने हातात सोटा घेऊन त्यांना हुसकावून लावलं. पण एप्रिल १७२८ मध्ये मुलाला पकडून लिफी नदीतून रिंग्जएंडला नेलं आणि अमेरिकेला निघालेल्या जहाजावर चढवलं. जहाजाचं नाव योगायोगाने ‘जेम्स’च होतं. बंदरातून जाणाऱ्या करारबद्ध नोकरांच्या यादीत त्याचं नाव ‘जेम्स हेनस्ली’ असं पडलं. आडनावातला एक उच्चार बदलला आणि कागदावर तो कोणाचाच कोणी राहिला नाही.

डेलावेअरमध्ये त्याला विकलं गेलं. करार सात वर्षांचा. पळून जायचा प्रयत्न केला की मुदत वाढे, आणि त्याने तो वारंवार केला. असं करता करता बारा वर्षं गेली. १७४० मध्ये तो निसटला, जमैकाला पोचला आणि ॲडमिरल व्हर्ननच्या आरमारात शिरला. तिथे त्याची ओळख पटवणारी माणसं भेटली. १७४१ मध्ये तो लंडनला परतला.

तोपर्यंत काकाचं बळ दुप्पट झालं होतं. १७३७ मध्ये एक चुलतभाऊ निपुत्रिक वारला आणि रिचर्ड सहावा अर्ल ऑफ अँगलसी झाला.

खटला

पुतण्या परत आल्याचं कळताच रिचर्ड आधी हादरला. इस्टेट पुतण्याला देऊन टाकावी, आपल्यापुरती वार्षिक रक्कम ठरवून घ्यावी आणि फ्रान्सला जाऊन राहावं, असं त्याने वकिलाला बोलून दाखवलं. फ्रेंच शिकायला त्याने शिक्षकही ठेवला होता. पण १ मे १७४२ ला स्टेन्सजवळ चोरून मासे धरणाऱ्या एका माणसाचं जाळं जप्त करताना जेम्सच्या हातातली बंदूक सुटली आणि तो माणूस मेला. काकाला वाट सापडली. त्याने खुनाच्या खटल्यासाठी पैसा ओतला. पुतण्याला फासावर चढवता आलं तर दहा हजार पौंड खर्च करीन, असं तो म्हणाला. जुलैमध्ये लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात ज्युरीने तो अपघात असल्याचं ठरवलं आणि जेम्स सुटला.

मग डब्लिन. जेम्सच्या मागे डॅनियल मॅकर्चर नावाचा स्कॉटिश माणूस पैसा आणि जिद्द घेऊन उभा होता. इथे कायद्याची गंमत नीट पाहण्यासारखी आहे. ‘मी बॅरन आहे का?’ असा थेट प्रश्न साध्या न्यायालयाला विचारता येत नव्हता. म्हणून जेम्सने मीथ काउंटीतल्या काही जमिनीचा पट्टा कॅम्पबेल क्रेग नावाच्या माणसाला दिला. क्रेगला तिथून हुसकावलं गेलं आणि क्रेगने अर्लवर दावा ठोकला. पट्टा खरा की खोटा हे ठरवायचं तर पट्टा देणाऱ्याचा हक्क तपासावा लागे, आणि हक्क तपासायचा तर तो औरस आहे का हे पाहावं लागे. वारसाचा प्रश्न असा मागच्या दाराने न्यायालयात आणला गेला. म्हणूनच खटल्याच्या शीर्षकात फिर्यादी म्हणून जेम्सचं नाव नाही, त्याच्या पट्टेदाराचं आहे.

११ नोव्हेंबर १७४३ ला एक्स्चेकर न्यायालयात काम सुरू झालं. डब्लिनची न्यायालयं तेव्हा क्राइस्टचर्चला लागून होती. ज्याच्या मुलाचा वाद चालला होता तो बाप भिंतीपलीकडे पुरलेला होता. त्या काळी ज्युरीसमोरचा खटला सहसा एका बैठकीत संपे. हा १५ दिवस चालला. ज्युरीत बडे जमीनदार होते, त्यांतले बरेच संसदेचे सभासद. त्यांच्यासमोर स्वयंपाकिणी, मोलकरणी, मोतद्दार, सुइणी एकामागून एक उभ्या राहिल्या. एकीने बाईसाहेबांचं पोट दिसत होतं म्हणून सांगितलं, दुसरीने कधीच दिसलं नाही म्हणून. मेरी हीथ ही बाईसाहेबांची खास दासी. मूल झालंच नाही, हे तिने ठणकावून सांगितलं. कान कापला गेलेला तो पॅलिझरही आर्थरच्या घरात मूल नव्हतं असंच सांगायला आला.

जोन लँडी जिवंत होती. तिला कोणीच साक्षीला बोलावलं नाही. जेम्सच्या बाजूने बोलावलं नाही हे समजू शकतं. पण मूल तिचंच आहे हा ज्यांचा सगळा बचाव, त्यांनी ‘हो, हा माझ्या पोटचा’ असं तिच्याच तोंडून का वदवून घेतलं नाही? न्यायाधीशांच्या नजरेतूनही हे सुटलं नाही. मला स्वतःला काकाच्या बाजूचा हा सर्वांत मोठा दुबळेपणा वाटतो.

तोल फिरवणारी साक्ष मात्र एका वकिलाची. जॉन गिफर्ड हा रिचर्डचाच जुना वकील. फीवरून दोघांचं बिनसलं होतं. दहा हजार पौंडांचं बोलणं आणि फ्रान्सचा बेत त्याच्याच तोंडून बाहेर आला. अशिलाचं गुपित वकील फोडू शकतो का, यावर मोठा वाद झाला. न्यायालयाने ठरवलं की एखाद्याला फासावर लटकवण्याच्या डावपेचांसाठी केलेलं बोलणं हे गुपिताच्या संरक्षणात बसत नाही. वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीयतेवर लिहिताना इंग्रजी कायद्याच्या अभ्यासकांना या खटल्याकडे आजही जावं लागतं.

न्यायपीठाने ज्युरीला आणखी एक गोष्ट सांगितली : जो पुरावा नाहीसा करतो त्याच्या विरुद्ध कायदा गृहीत धरतो. मूल जर फक्त मोलकरणीचं होतं, तर त्याला समुद्रापार पाठवायची एवढी धडपड कशाला? २५ नोव्हेंबरला ज्युरीने सुमारे दोन तासांत निकाल दिला. पुतण्या जिंकला.

हा तर्क ऐकायला भक्कम आहे, पण मी त्यावर पूर्ण विसंबणार नाही. अनौरस पुतण्याही उपद्रव देऊ शकतो आणि घाबरलेला, लोभी माणूस नुसत्या संशयानेही पाप करतो. काकाच्या वागण्यावरून काकाला काय वाटत होतं ते कळतं. डनमेनच्या खोलीत १७१५ साली काय घडलं ते त्यावरून सिद्ध होत नाही. तरीही रस्ता, झोपडी, बापाचं सुरुवातीचं वागणं आणि जोनची गैरहजेरी हे सगळं एकत्र ठेवलं, तर माझा कौल ज्युरीबरोबरच पडतो.

जिंकल्यावर

आणि इथून पुढे काहीच झालं नाही. निकाल मीथमधल्या तेवढ्या जमिनीपुरता होता. बाकीच्या इस्टेटीसाठी वेगळे दावे, इंग्लंडमधल्या जमिनींसाठी तिथली न्यायालयं. निकालाविरुद्ध रिचर्डने अपिलाचा मार्ग धरला आणि प्रकरण लांबवत नेलं. किताबासाठी तर राजाकडे अर्ज आणि उमरावसभेपुढे चौकशी, हा स्वतंत्र रस्ता. प्रत्येक रस्त्याला पैसा लागे आणि इस्टेटीचं उत्पन्न काकाच्या खिशात जात होतं. पुतण्याविरुद्ध लढायला लागणारा पैसा काकाला त्याच वादग्रस्त जमिनींतून मिळत होता. हा या प्रकरणाचा खरा गाभा आहे. ताबा असलेल्याला वेळ परवडतो.

१७४५ मध्ये मेरी हीथवर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला. ज्या दिवसांत मूल झालं म्हणतात त्याच सुमारास बाईसाहेब वेक्सफर्डच्या न्यायालयात खटले बघायला हजर होत्या, असा पुरावा तिच्या बाजूने आला आणि ती सुटली. जेम्सच्या हक्कावर पडलेली ही सावली नंतर हटली नाही. मॅकर्चर कर्जापायी तुरुंगात गेला. ५ जानेवारी १७६० ला जेम्स वारला. त्याचा मुलगाही लवकरच गेला. १७६१ च्या फेब्रुवारीत काकाही गेला, सर्व किताबांसह, अर्ल म्हणूनच.

मग काकाच्याच मुलाचा औरसपणा

रिचर्डने लग्नं केली ती एकावर एक. १७१५ मध्ये एक, ती बायको जिवंत असतानाच १७२७ मध्ये दुसरं, आणि मग ज्युलियाना डोनोव्हन. तिचा मुलगा आर्थर १७४४ चा. ज्युलियानाशी उघड लग्न लागलं ते १७५२ मध्ये, मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर. पण १७४१ मध्येच, पहिली बायको वारल्यावर, खासगीत लग्न झालं होतं असा दावा होता आणि त्याचा दाखलाही दाखवला गेला. दाखला खरा असेल तर आर्थर औरस. खोटा असेल तर घराण्याच्या दूरच्या शाखांना संधी.

आयरिश उमरावसभेने दाखला मानला. १७६५ मध्ये आर्थर व्हायकाउंट व्हॅलेन्शिया म्हणून आपल्या आसनावर बसला. मग इंग्लंडचा किताब मागायला तो लंडनला गेला. तोच दाखला, तेच साक्षीदार. १७७१ मध्ये इंग्लंडच्या उमरावसभेने त्याचा दावा फेटाळला आणि अर्ल ऑफ अँगलसी हा किताब तिथेच संपला. म्हणजे आयरिश समुद्राच्या एका किनाऱ्यावर तो आपल्या बापाचा औरस मुलगा होता आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नव्हता. आयर्लंडने आपला निर्णय बदलला नाही. उलट १७९३ मध्ये त्याला अर्ल ऑफ माउंटनॉरिस हा नवा आयरिश किताबही मिळाला.

पुण्याची भेट

या आर्थरचा मुलगा जॉर्ज, म्हणजे रिचर्डचा नातू. लॉर्ड व्हॅलेन्शिया या नावाने तो १८०२ मध्ये प्रवासाला निघाला. बरोबर हेन्री सॉल्ट हा चित्रकार होता. कलकत्ता, सिलोन, तांबडा समुद्र असं फिरत तो मुंबईला आला आणि तिथून घाट चढून पुण्याला गेला. तिथे तो पेशवे दुसरे बाजीराव यांच्या भेटीला गेला. वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या आधाराने बाजीराव नुकतेच गादीवर परतले होते. प्रवासाचं वर्णन व्हॅलेन्शियाने १८०९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केलं.

ही भेट माझ्या मनातून जात नाही. बाजीराव हे रघुनाथरावांचे चिरंजीव. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्यांनी ‘काका, मला वाचवा’ म्हणत रघुनाथरावांना मिठी मारली असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी त्या काकाला दोषी ठरवलं. रामशास्त्र्यांचा निवाडा आणि डब्लिनच्या ज्युरीचा निवाडा, दोन्ही काकांच्या विरुद्ध गेले होते. आणि पुण्यात समोरासमोर बसले ते एका काकाचा मुलगा आणि दुसऱ्या काकाचा नातू, दोघेही गादीचे नाहीतर किताबाचे धनी. भाऊबंदकी हा शब्द आपल्याला घरचा वाटतो. त्या दालनात तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होता. त्या दोघांपैकी कोणाला याची जाणीव होती का, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

जॉर्ज १८४४ मध्ये वारला तेव्हा त्याच्यामागे मुलगा उरला नव्हता. माउंटनॉरिसचं अर्लपद संपलं. व्हॅलेन्शियाचं व्हायकाउंटपद मूळ फ्रान्सिस ॲनस्लीच्या दुसऱ्या शाखेकडे, ऑक्सफर्डशायरच्या ॲनस्लींकडे गेलं.

उमरावांच्या वंशावळीत आजही क्रम तसाच छापला जातो : चौथा बॅरन अल्थम आर्थर, पाचवा रिचर्ड. जेम्सच्या नावाला क्रमांक नाही.